परभाषेचा अभ्यास

छत्रपती संभाजीनगरनजीक गाडीवाट या खेड्यांतील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनीं जपानी भाषा शिकावयास घेतली. सर्वांच्या घरीं स्मार्टफोन नव्हते. म्हणून ज्यांना पाठ ऐकावयास मिळे तीं मुलें ‘विषयमित्र’ होऊन इतरांस शिकवीत. भाषाभ्यासाचें मर्म यांतच आहे. जें दुसऱ्यास समजावून द्यावें लागतें, तेंच मनांत ठसतें.

आठवड्यांतून एकदां चार तास घोकण्यापेक्षां रोज अर्धा तास मोठ्यानें वाचावें. कालचे शब्द आज न पाहतां लिहावे. जपानींत मराठीप्रमाणेंच क्रियापद वाक्याच्या अखेरीस येतें. अशीं साम्यें हेरावीं.

मुकुंदवाडींतील एकत्र कुटुंबांस तर श्रोता घरींच लाभतो. थोरल्यानें शिकून धाकट्यास सांगावें. चुकल्यास वडील मंडळींनीं मात्र हसूं नये. लाजून गप्प बसणाऱ्यास परभाषा कधींच वश होत नाहीं.