सह्या झाल्या, सहभागाचे काय?

गावात आरोग्यविषयक संशोधन करायचे ठरले की प्रस्तावात एक वाक्य हमखास असते, ‘हे काम लोकसहभागातून केले जाईल.’ काम संपल्यावर अहवालात त्याचा पुरावाही जोडला जातो : किती बैठका झाल्या, हजेरीपत्रकावर किती सह्या पडल्या, किती छायाचित्रे निघाली. पण हजेरी म्हणजे सहभाग नव्हे. गावकरी संशोधनात खरोखर भागीदार होते, की फक्त रक्त देणारे आणि प्रश्नांची उत्तरे देणारे, हे हजेरीपत्रकावरून कळत नाही.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. मोहाडी तालुक्यासारख्या भागात त्याचा संबंध थेट घराघराशी येतो. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आढळतात. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. वैद्यकीयदृष्ट्या तपासणीचा हेतू स्पष्ट आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. ते आधी कळले तर वेळीच सल्ला देता येतो.

परंतु गावाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा असू शकतो. मुलगी वाहक निघाली आणि ती गोष्ट चार घरांत कळली, तर तिच्या लग्नाचे काय? वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे सोयरिकीच्या बैठकीत कोण समजावणार? तपासणीचा निकाल कोणाच्या हातात द्यायचा, घरात कोणासमोर सांगायचा, हे ठरवताना गावातल्या बायकांना विचारले गेले का? विचारले नसेल, तर शिबिराला गर्दी होऊनही काम फसू शकते. लोक रक्त देतात, निकाल घ्यायला मात्र येत नाहीत.

सहभाग नुसता कागदावर राहिला की काय होते, याचा कटू अनुभव देशाने घेतला आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे पुढे चौकशीत दिसले. प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. कागद पूर्ण होते. ज्यांची संमती हवी होती, ती माणसे मात्र त्यात नव्हती.

मग सहभाग तपासायचा कसा? प्रश्नावली हा सोपा मार्ग वाटतो. पण ‘तुम्हाला निर्णयात सहभागी करून घेतले का?’ असे विचारले, तर बहुतेक लोक ‘हो’ म्हणतात. दारी आलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हा संकोच असतो. म्हणून मानववंशशास्त्रातली एक जुनी पद्धत इथे उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रॉनिस्लॉ मॅलिनोवस्की हे अभ्यासक पॅसिफिकमधील ट्रोब्रियंड बेटांवर लोकांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांचे रोजचे व्यवहार नोंदवत गेले. लोक काय सांगतात याबरोबरच ते प्रत्यक्ष काय करतात, हे पाहणे हा या पद्धतीचा गाभा. यालाच सहभागी निरीक्षण म्हणतात.

ही पद्धत संशोधनाच्या बैठकीला लावली की साध्या गोष्टी बोलू लागतात. बैठक कधी ठेवली? भंडाऱ्यात रोवणीच्या दिवसांत सकाळी अकराची वेळ ठेवली, तर बायका बांधीत चिखलात असणार. समाजमंदिरात येणार कोण? कोण खुर्चीवर बसले आणि कोण दाराशी जमिनीवर? पहिल्यांदा कोण बोलले? आशाताईंना मत विचारले, की फक्त चहा आणि याद्या सांभाळायला सांगितले? बोलणे झाडीबोलीत चालले, की पुस्तकी मराठीत? बैठक उठल्यावर हातपंपापाशी बायका आपसांत काय बोलल्या? आणि सर्वांत महत्त्वाचे, गावाने केलेल्या सूचनेमुळे आराखड्यात एक तरी ओळ बदलली का?

निरीक्षकाने काय दिसले आणि त्याला काय वाटले, हे वेगवेगळे लिहायचे असते. नोंदी त्याच दिवशी पूर्ण करायच्या, पुढे मुलाखती आणि बैठकीचे इतिवृत्त यांच्याशी त्या ताडून पाहायच्या. एका बैठकीवरून निष्कर्ष काढायचा नाही. सुरुवातीला, मध्ये आणि निकाल सांगताना, अशा निरनिराळ्या टप्प्यांवर पाहायचे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कोणी वही घेऊन बसले आहे हे कळले की माणसे जपून वागतात. निरीक्षकाचे स्वतःचे पूर्वग्रह नोंदीत उतरतात. एका गावात दिसलेले दुसऱ्या गावाला जसेच्या तसे लागू होत नाही. शिवाय निरीक्षण हेही संशोधनच असल्याने त्यासाठीही लोकांची परवानगी लागते. म्हणून आकडे आणि निरीक्षण यांची जोडी हवी.

लोकांचे ऐकल्याने संशोधनाची दिशाच कशी बदलते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’चे काम सुरू केले. सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलचा होता. आजार तेथे आहे हे सिद्ध झाले, पण लोकांना त्याची निकड वाटत नव्हती. तो विषय संशोधकांच्या आवडीचा होता, असे डॉ. बंग यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे. स्त्रियांशी बोलताना मात्र न सांगितली जाणारी दुखणी पुढे आली. त्यातून दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास झाला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

पुढे गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. या कामाचा अहवाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या. गावातली स्त्री इथे केवळ माहिती देणारी नव्हती. प्रयोग तिच्याच हातांनी झाला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाच्या सहभागाला स्थान आहे. त्याचबरोबर गावाची किंवा पुढाऱ्याची परवानगी ही प्रत्येक व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांत स्पष्ट आहे.

उद्या गावात संशोधनासाठी एखादी चमू आली, तर ग्रामसभेला किंवा ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला पाच प्रश्न विचारता येतील. हा विषय कोणी निवडला? रक्ताचे नमुने कुठे जाणार आणि किती दिवस ठेवणार? निकाल कोणाला, कोणत्या भाषेत आणि कधी सांगणार? आजार आढळला तर उपचार कुठे मिळतील? आणि आम्ही एखादी गोष्ट बदला म्हटले, तर ती बदलण्याचा अधिकार तुमच्यापैकी कोणाला आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘वर विचारावे लागेल’ असे आले, तर गाव अजून भागीदार झालेले नाही, असे समजावे. तेव्हा सहीची घाई न करता, वर विचारून येणाऱ्या उत्तराची वाट पाहणे चांगले.