गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही? पोटाची तपासणी करा

रविवारी विहारात वंदना आटोपली की आपल्या माता-भगिनींच्या बोलण्यात हा विषय हमखास निघतो. जिना चढताना धाप लागते, धुणे धुताना डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘दवाखान्यातल्या लाल गोळ्या तीन महिने खाल्ल्या, तरी रक्त काही वाढत नाही,’ असे म्हणून पुष्कळ जणी गोळ्या सोडून देतात.

दुःख आहे, तसे त्याला कारणही आहे, ही तथागतांची शिकवण. आजाराचेही तसेच आहे. रक्त कमी होणे हे लक्षण आहे. कारण वेगळेच असते. बायकांमध्ये पाळीत जास्त रक्त जाणे व अपुरा आहार ही नेहमीची कारणे. पण गोळ्या नियमित घेऊनही फरक पडत नसेल, तर कारण पोटात शोधावे लागते.

गळका हंडा कितीही भरला तरी रिकामाच राहतो. पोटातही अशी गळती असू शकते. अनवाणी पायांतून शिरणारे आकडी जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या, तर जठरात जखम होऊन रक्त झिरपते. मूळव्याधीचे रक्त तर लाजेपोटी कुणी सांगतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे खाल्लेले अंगी न लागणे. जठराला जुनी सूज असेल किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. बी-१२ कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात; तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही.

म्हणून आधी तपासणी. हिमोग्लोबिन स्त्रीचे १२, गरोदर स्त्रीचे ११ आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल, तर रक्त कमी समजतात. डॉक्टरांना सीबीसी, फेरिटिन, बी-१२ आणि शौच तपासणीबद्दल विचारा. पोटदुखी, पित्त, शौचाचा रंग, चालू असलेल्या गोळ्या, सगळे न लाजता सांगा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलही आढळतो. तिथल्या कुटुंबांनी ती तपासणी जरूर करावी. सिकलसेल असल्यास लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

लोहाच्या गोळीने शौच काळसर होते, त्याला घाबरू नका. मात्र ते डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त झाले, रक्ताची उलटी झाली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे रक्त कमी झाले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडू नका. आतड्यातला व्रण किंवा कर्करोगही असाच गुपचूप रक्त घालवतो. डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली तर टाळू नका.

गोळीने मळमळ होत असेल तर ती जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू याने जास्त लागते. पालेभाजी, मटकी, नाचणी रोजच्या ताटात असू द्या. कलेजी आणि रक्ती यांतले लोह शरीराला सहज मिळते. आपल्या आजी-आयांच्या या जेवणाची लाज बाळगू नका. जंताची गोळी मुलांना शाळा-अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका. मोठ्यांनी व गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. शौचास जाताना व मातीत काम करताना पायात चप्पल हवी.

रक्त वाढले तरी शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या लागतात. मध्येच थांबू नका. घरात सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाणाऱ्या आईचे रक्त आधी तपासून घ्या.