ब्रेक ऑईल कमी झाले, तर गेले कुठे?

मृग नक्षत्र तोंडावर आले की शेतकरी बांधव पंप, फवारणी यंत्र, ताडपत्री सगळे बाहेर काढून तपासतात. दारात उभी असलेली जुनी व्हॅन मात्र तशीच राहते. आचोळे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तरी वसई तालुक्यातील भाजी, फुले आणि केळी पहाटे बाजाराला न्यायला अशा जुन्या गाड्या अजून धावताहेत. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले, मॅटाडोर तर त्याच्याही कितीतरी आधी. म्हणजे गाड्या म्हाताऱ्या झाल्या, पण ओझे तेच राहिले.

मागच्या पावसाळ्यात आचोळ्यात एका भाजीवाल्या काकांच्या व्हॅनमध्ये बसायचा योग आला. वळणावर त्यांनी पॅडल तीन वेळा दाबले, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"काका, हे काय?"

"काय नाय साहेब, दोनदा पंप मारला का लागतो. आठवड्याला थोडं ऑईल टाकतो, झालं."

"आणि पंप मारायला वेळच मिळाला नाही तर?"

काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी मागचे चाक उघडले. व्हील सिलिंडरचे रबर फाटून ऑईल झिरपत होते आणि लायनर भिजून तेलकट झाले होते. काका महिनोन्‌महिने बाटली ओतत होते, ती सगळी तिथे जात होती.

ऑईल कमी होणे ही सूचना आहे

ब्रेक ऑईल इंजिन ऑईलसारखे जळत नाही. लायनर झिजले की डबीतली पातळी हळूहळू थोडी उतरते, एवढेच. वरचेवर ओतावे लागत असेल तर गळती आहे, असेच समजावे. चारही चाकांची आतली बाजू, पाइपांचे जोड आणि पॅडलच्या वर मास्टर सिलिंडरजवळ ओल दिसते का, ते पाहावे. आपल्याकडे खारी हवा आहे. लोखंडी पाइप क्लॅम्पखाली आतून गंजतो आणि वरून नुसता मळका दिसतो. तिथे कापडाने पुसून पाहावे.

पॅडल काय सांगते?

गाडी सपाट जागी उभी करून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरावे. हळूहळू खाली बसत गेले तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे. पंप मारल्यावर वर आले तर शू ॲडजस्ट करायचे राहिलेत किंवा पाइपात हवा आहे. स्पंजसारखे मऊ लागले तर हवा धरली आहे. ऑईल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. हवा दबते आणि जोर मधेच मरतो.

जुने ऑईल बदला

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रकारचे नवे ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. शंभरात पावणेचार भाग पाणी मुरले की तेच १४० अंशांना उकळू शकते. घोडबंदर मार्गावर गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी ब्रेकवर धरत आणली की ड्रम तापतात, ऑईलची वाफ होते आणि पॅडल तळाला जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदलावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच, सीलबंद बाटलीतले ऑईल घ्यावे. इंजिन ऑईल चुकूनही टाकू नये, रबरे फुगून ब्रेक निकामी होतात.

घरी काय करावे, काय करू नये

चाक उघडताना नट आधी सैल करावेत, मग जॅक लावावा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, खाली भक्कम घोडी ठेवावी.

ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावे. रिव्हेटचे डोके लायनरच्या बरोबरीला आले असेल किंवा लायनर तेलकट झाले असेल, तर एकाच धुरीवरच्या दोन्ही चाकांचे लायनर बदलावे. एकच बदलले तर गाडी एका बाजूला ओढते.

एअर काढायला दोघे लागतात. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून ऑईल नळीने बाटलीत घ्यावे. निपल घट्ट झाल्याशिवाय पॅडल सोडू नये. सहसा मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नये. निघालेले ऑईल परत वापरू नये, शेतात वा गटारातही ओतू नये.

पाइप, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर ही कामे मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावीत. काम झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या सपाट जागी, सावकाश घ्यावी.

पाण्यातून गेल्यावर

२०१८ च्या जुलैत वसई-विरार परिसर पाण्याखाली होता, हे आपण विसरलेलो नाही. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रम भिजतात आणि ब्रेक धरत नाही. हळू चालवत पॅडल हलके दाबून ड्रम सुकवावेत, मगच वेग घ्यावा.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पण त्या तपासणीपर्यंत थांबू नये. गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या मंडळींनी पावसाआधी एक दिवस ठरवून, एक चांगला मेकॅनिक बोलावून गावातल्या गाड्या तपासून घ्याव्यात. काकांचे काम लायनर आणि रबरी किट बदलून भागले. आता त्यांची गाडी एका दाबात थांबते, आणि ऑईलची बाटली दोन महिने झाले तरी तशीच भरलेली आहे.