जलाश्व : पाण्याचा घोडा

आपल्या आमगावाला समुद्र नाही. बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत. तरीही समुद्रावरच्या एका जहाजाची ही गोष्ट आपल्याला सहज समजेल.

रोवण्याच्या दिवसांत भरलेली बैलगाडी आपण बांधीत घालतो का? नाही. ती चिखलात रुतेल. गाडी वाटेवर उभी करतो आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर नेतो. मोठ्या जहाजाचेही तसेच आहे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असते. जहाज तळाला टेकेल. बंदर नसेल तर सैनिक आणि रणगाडे जमिनीवर उतरवायचे कसे?

त्यासाठी जहाजाच्या पोटातच लहान होड्या ठेवतात. जहाजाला मागे मोठे दार असते. होड्या सोडायच्या वेळी जहाजाच्या टाक्यांत पाणी भरतात. त्या वजनाने मागची बाजू थोडी खाली बसते. दार उघडले की समुद्राचे पाणी आत शिरते. होड्या तरंगू लागतात आणि माणसे व माल घेऊन किनाऱ्याला जातात. काम झाले की परत येतात. मग टाक्या रिकाम्या करतात आणि जहाज पुन्हा वर येते. वरच्या सपाट जागेवर हेलिकॉप्टर उतरते.

असे एक जहाज भारताने अमेरिकेकडून विकत घेतले. तिकडे त्याचे नाव ट्रेंटन होते. ते तिथल्या एका शहराचे नाव. २२ जून २००७ रोजी ते आपल्या नौदलात दाखल झाले आणि त्याला ‘जलाश्व’ हे नाव मिळाले. जल म्हणजे पाणी, अश्व म्हणजे घोडा. जलाश्व म्हणजे पाणघोडा. तो पाण्यातही राहतो, जमिनीवरही चालतो. जहाजाचे कामही पाणी आणि जमीन जोडण्याचेच.

आपल्या नौदलाने अशा कामाच्या इतर जहाजांनाही प्राण्यांची नावे दिली : मगर, घडियाल, शार्दूल, केसरी, ऐरावत. शार्दूल म्हणजे वाघ, केसरी म्हणजे सिंह, ऐरावत म्हणजे इंद्राचा हत्ती.

२०२० साली करोनाची साथ आली. विमाने बंद झाली. मालदीव बेटांवर आपली माणसे अडकली. काहींची रोजी गेली होती. तेव्हा जलाश्व तिकडे गेले. १० मे रोजी ते ६९८ जणांना घेऊन कोचीला पोचले. त्यांत १९ गरोदर बाया होत्या. सैनिकांसाठी केलेली जागा घरी परतणाऱ्यांच्या कामी आली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने अशी नवी जहाजे घेण्यास पहिली संमती दिली. त्यांची नावे पुढे वर्तमानपत्रात येतील. ती स्वतः वाचा. नावाची फोड करा आणि अर्थ लावा. नावातून काम कळते का, ते पाहा.

प्रश्न
१. मोठे जहाज किनाऱ्याला का लागत नाही?
२. होड्या जहाजातून बाहेर कशा पडतात?
३. तुमच्या गावच्या बोडीचे नाव काय? ते कशावरून पडले?