विमानाची हौस, पण वस्ताद कोठे शोधावा?

आमच्या जुन्या शहरात पतंग शिकण्यासाठी कोणाला शोधत जावे लागत नाही. संक्रांतीला गच्चीवर चढले की ढील केव्हा द्यावी, केव्हा ओढावे हे शेजारचा कोणी ना कोणी सांगतोच. तालमीत वस्ताद असतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडीला पोरगं पहिल्यांदा खांदा देतं, तेव्हा त्याच्या मागेपुढे जाणती माणसे चालतात. पण गेल्या वर्षी आमच्या नातवाने रेडिओवर चालणारे लहान विमान आणले, आणि ह्या विद्येचा वस्ताद कोठे मिळतो हे घरात कोणासही ठाऊक नव्हते.

सभासद बंधूंनी हे जत्रेतले खेळणे समजू नये. फोमचे अंग, नाकावर विजेची मोटर व पंखा, पोटात बॅटरी, आणि हातातल्या पेटीवरील दोन काड्यांनी शेपटीच्या व पंखांच्या पट्ट्या हलतात. विकणाऱ्याने "कोणालाही जमते" म्हणून सांगितले होते. रविवारी सकाळी नातू मोर्णेच्या काठी गेला, मीही कौतुकाने बरोबर गेलो. हातातून सुटताच विमान डावीकडे कलले. त्याने काडी उजवीकडे नेली, तर ते अधिकच कलले! पंखांच्या पट्ट्या उलट जोडलेल्या होत्या, हे नंतर कळले. शेरडे चारणाऱ्या एका लहानग्यापासून चार हातांवर विमान आपटले. ते पोर हौसेने उचलायला धावले, पंखा अजून फिरत होता. नातवाने झडप घालून त्याला मागे लोटले, त्यात स्वतःचे बोट कापून घेतले. तीन टाके पडले.

घरी आल्यावर आमचे मंडळ कडाडले, "हे भंगारात द्या आधी! लोकाच्या लेकराले लागलं असतं तं कोनतं तोंड दाखवलं असतं?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस नातू गप्प. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आबा, शिकवणारा कोणी भेटन का?"

शोध सोपा नव्हता. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी धागा दिला. एन.सी.सी.च्या हवाई विभागात छात्रांना विमानांच्या प्रतिकृती करणे व उडविणे शिकवितात, अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. नागपुरास एन.सी.सी.चे एअर स्क्वॉड्रन आहे. तेव्हा त्या विभागातून गेलेला माणूस शोधा, असे ते म्हणाले. असे एक निवृत्त शिक्षक भेटले. नाव छापू नये असा त्यांचा आग्रह आहे, म्हणून गुरुजी एवढेच लिहितो.

गुरुजी घरी आले ते आधी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसले. "वहिनी, तुमचा राग बरोबर आहे. मी हो म्हणेपर्यंत हे विमान उडणार नाही," म्हणाले. मग नातवाचे बोट पाहिले, विमान शेवटी.

पहिला रविवार नुसता तपासण्यात गेला. जोडणी पाहताना पंखा काढूनच ठेवायचा. आधी हातातली पेटी चालू, मग विमानातली बॅटरी. बंद करताना उलट. काडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाची पट्टी वर उठली पाहिजे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांनी विमान तोलायचे. शेपूट जड असेल तर ते सावरत नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि चार्ज होत असताना सोडून जायचे नाही. नातू कंटाळला. मला मात्र हा माणूस पसंत पडला.

पूर्वी दोघांच्या पेट्या एकाच फ्रिक्वेन्सीवर लागल्या की विमान कोसळे, म्हणून मैदानावर एकमेकांना विचारल्याशिवाय पेटी लावत नसत. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेट्यांत ती भीती फारशी राहिली नाही. जागेची भीती मात्र आहेच. शिवणीचे विमानतळ शहराला लागून, तेव्हा गुरुजींनी आधी सरकारी नकाशा पाहिला. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्या भागात ती घ्यावी लागते, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उडविताच येत नाही. शेवटी एका सभासदाचे सोयाबीन निघालेले रान मिळाले. (फवारणीच्या ड्रोनचे प्रमाणपत्र ही गोष्ट वेगळी. त्यासाठी १८ वर्षे पूर्ण, दहावी पास व मान्यताप्राप्त केंद्राचे शिक्षण लागते. शेतकी खात्यात बरेच जण विचारतात म्हणून लिहिले.)

वारा उठण्याआधी, उजाडता उजाडता जायचे. गुरुजींची पेटी व नातवाची पेटी दोराने जोडलेली. गुरुजींनी बटण दाबून धरले तोवर विमान पोराच्या हाती. बटण सोडले की गुरुजींच्या. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि भलेभले गोंधळतात. गुरुजींचा उपाय सोपा होता: जो पंख खाली झुकला, काडी त्याच बाजूला. पहिल्या दिवशी त्यांना सात-आठ वेळा बटण सोडावे लागले. "उंच राहा, चूक सुधारायला जागा ठेव," एवढेच ते म्हणत, आवाज न चढवता.

सहाव्या रविवारी विमान तासांवर घसरत उतरले. बटण शेवटपर्यंत दाबलेलेच होते. घरी येऊन सांगितले तर मंडळाने विचारले, "त्या शेरडंवाल्या लेकराले दाखवलं का?"

पुढल्या रविवारी त्याला आणले. बांधावर गुरुजींशेजारी बसून पाहत होता.