चासीला ठिगळ लावावे का?

एखाद्या जुन्या जीपखाली वाकून पाहा. पुढून मागे गेलेल्या दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे दिसतील. शिडीसारखा हा सांगाडा म्हणजे चासी. इंजिन, माणसे, माल, साऱ्यांचा भार ती पेलते. तीच गंजली तर?

अमेरिकेत टोयोटा कंपनीपुढे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिकडच्या थंड राज्यांत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. त्या खाऱ्या पाण्याने टॅकोमा नावाच्या पिकअप गाड्यांच्या चासी सडल्या. २०१६ मध्ये न्यायालयात तडजोड झाली. तिच्या कक्षेत टॅकोमा आणि आणखी दोन प्रकारच्या मिळून सुमारे १५ लाख गाड्या होत्या. चासीला १० मिलिमीटर वा त्याहून मोठे भोक पडले, तर ती बदलून द्यायची असे ठरले.

एवढ्याशा भोकासाठी अख्खी चासी? पण भोक दिसते तोवर आत पुष्कळ काही होऊन गेलेले असते. पोकळ तुळईत चिखल साचतो. त्याखालच्या पोलादाला ऑक्सिजन कमी, शेजारच्या भागाला जास्त मिळतो. या फरकामुळे विद्युतघट तयार होतो आणि चिखलाखालचा भाग धनाग्र बनून झिजतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक, त्यामुळे हा घट जोरात चालतो. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून सडलेला पत्रा उलट जाडच भासतो! जाणता मेकॅनिक हातोडीने ठोकून पाहतो. चांगले पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते.

भोक कुठे आहे, हेही महत्त्वाचे. पुढच्या व मागच्या चाकांमधल्या भाराने तुळई खाली वाकू पाहते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. मधोमध हा ताण जवळजवळ शून्य असतो. टूथपेस्टची दोन रिकामी खोकी घ्या. एकाच्या उभ्या बाजूवर मधोमध छोटे भोक पाडा, दुसऱ्याचा तळ मध्यावर आडवा कापा. दोन पुस्तकांवर टेकवून वर वजने ठेवत जा. आधी कोणते मोडते?

ठिगळ लावायचेच तर आधी चकचकीत पोलाद लागेपर्यंत गंज काढावा लागतो. गंजावर वेल्डिंग धरत नाही. ठिगळाच्या कडा तिरप्या ठेवतात, म्हणजे जोडाची सारी रेघ तुळईच्या एकाच छेदात येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला रंग जळतो, म्हणून तिथे नंतर मेण किंवा तेल फवारतात. सड जागोजागी असेल तर मात्र चासी बदलणेच बरे, मग त्यासाठी सारी गाडी सुटी करावी लागली तरी.

आपल्या कोकणात रस्त्यावर मीठ पडत नाही, पण हवाच खारी. तिथे कुणाची जुनी जीप असेल, तर तुळईच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजली आहेत का, ते पाहा आणि काडीने मोकळी करा.