थंडीतला मासा आणि मावशींची पाटी

मार्गशीर्ष लागला की आपल्या मराठवाड्यात खाण्यापिण्याची नुसती चंगळ असते. हुरडा, वेळ अमावस्येची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे... पुरवण्यांतून दरवर्षी यावर भरभरून लिहिलं जातं. मीही लिहिलंय. पण आपल्या भागातल्या थंडीतल्या माशाबद्दल कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. मासे म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कोकणच येतं. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तोही समुद्रातला. आपण नांदेड-लातूरच्या बायकांनी तो पाहिलाच तर बर्फाच्या खोक्यात! बाकी समुद्राशी आपलं नातं म्हणजे आठवडी बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. लातूरला माझ्या माहेरी आजीनं तव्यावर सुकट भाजायला घेतली की चार घरं पलीकडे वर्दी जायची.

पण मैत्रिणींनो, ताजा मासाही आपल्याकडे आहेच की. गोदावरी, मांजरा, मन्याड, लेंडी, तेरणा अशा नद्यांमधला, धरणांमधला आणि गावोगावच्या तलावांमधला. रोहू, कटला, मृगळ हे तर सगळ्यांना ठाऊक. त्याशिवाय मरळ, वाम, शिंगाळा, झिंगे आणि ती सगळीकडे सापडणारी चिलापी.

नांदेडला मी ज्या मावशींकडून गेली बारा-तेरा वर्षं मासे घेते, त्या डिसेंबर उजाडला की मला बजावतात, "ताई, दहाच्या आत येऊ नका. माल येतच नाही." एकदा मी कारण विचारलं तर हसून म्हणाल्या, "मासा बी माणसावाणीच हाय माय. थंडीचं त्याला बी गोधडीतून निघावं वाटत न्हाई."

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण बोलल्या ते अगदी शास्त्राला धरून. आपलं अंग थंडीतही गरम राहतं. माशाचं तसं नसतं. पाणी जितकं गार, तितकंच त्याचं शरीर गार. पाणी गारठलं की त्याची पचनशक्ती मंदावते, भूक कमी होते, हालचाल कमी होते. गळाला लावलेल्या कणकेच्या गोळीकडे तो ढुंकूनही बघत नाही. काठाजवळचं उथळ पाणी रात्रीतून लवकर गारठतं, म्हणून मासे खोल डोहाकडे सरकतात. तिथं पाणी सावकाश थंड होतं. ऊन चढलं, काठचं पाणी जरा कोमट झालं की परत वर येतात. म्हणजे खरोखरच गोधडीतून निघून उन्हाला बसल्यासारखं!

मावशींचे मालक गोदावरीच्या फुगवट्यावर मासे धरतात. विष्णुपुरीला काळेश्वराच्या देवळाजवळ कधी उभ्या राहिलात तर शंकरसागर जलाशयाचा केवढा मोठा विस्तार आहे ते दिसतं. आपल्याकडे मोठ्या होड्या फारशा नाहीत. थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेला तराफा, नाहीतर ट्रकच्या चाकातली हवा भरलेली ट्यूब. त्यावर बसून हातानंच पाणी मारत जायचं. संध्याकाळी जाळं लावायचं, सकाळी उचलायचं. मासा जाळ्यात आपण होऊन शिरतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. आता जो मासा थंडीनं जागचा हलतच नाही, तो जाळ्यात शिरणार कसा? म्हणून या दिवसांत रात्रभराच्या जाळ्याला हाती फार थोडं लागतं. मग ऊन वर आल्यावर फेकजाळं घेऊन परत पाण्यात. पाण्यावर धुकं, बोटं बधिर झालेली. जाळ्यात गुंतलेला मासा सोडवताना काटा टोचला तरी कळत नाही म्हणे, घरी येऊन शेकताना मग ठणका लागतो.

माझी एक मावसबहीण अमेरिकेत ह्यूस्टनला असते. तिच्या शेजारचं जोडपं थंडीतल्या रविवारी बोट घेऊन गॅल्व्हस्टनच्या खाडीत मासे धरायला जातं. 'रेडफिश' म्हणजे तांबूस अंगाचा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला, आणि दुसरा ठिपक्याठिपक्यांचा 'ट्राउट'. तिकडचं पाणी खारं, मासे वेगळे, पण गणित आमच्या मावशींचंच! थंडी पडली की तेही उथळ खाडी सोडून खोल खड्ड्यात जातात आणि दुपारच्या उन्हानं चिखल तापला की परत वर येतात. त्यामुळे शेजारीणबाईही सकाळी आरामात कॉफी पिऊनच निघतात. गारठा फार झाला तर मात्र मासे मरतातच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाची लाट आली तेव्हा त्या किनाऱ्यावर ३८ लाखांच्या आसपास मासे मेल्याचा अंदाज तिथल्या सरकारी खात्यानं काढला होता. मग ट्राउट धरण्यावर आणखी निर्बंध आले.

बहिणीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. तिकडे मासा धरला की आधी पट्टी लावून मोजतात. रेडफिश २० इंचापेक्षा लहान असेल तर पाण्यात परत. २८ इंचापेक्षा मोठा असेल तर तोही साधारणपणे परत, कारण ती अंडी घालणारी थोराड मंडळी. मधल्या मापाचे दिवसाला फक्त ३. मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "त्यांच्या घरी रातच्याला दुसरं कायतरी शिजत असंल."

बरोबरच आहे. तिकडे तो रविवारचा छंद आणि इकडे चूल त्यावर. बारीक भोकांच्या जाळ्यात पिल्लं येतात, ती परत सोडायला हवीत, हे मावशींनाही कळतं. "पोटातलं लेकरू इकल्यावाणी वाटतंय," असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. पण थंडीत पाटीत तेवढंच आलेलं असलं तर काय करायचं?

बरं, माल कमी म्हणजे भाव चढा, असंही होत नाही. मार्गशीर्षातले गुरुवार असतात, चंपाषष्ठी असते, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची गडबड असते. निम्म्या घरांत मांसमच्छी बंद. म्हणजे एकीकडे नदी देत नाही, दुसरीकडे गिऱ्हाईक घेत नाही. आणि याच दिवसांत जाळं दुरुस्त करायला, नवा तराफा बांधायला पैसा लागतो. तो व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घ्यायचा. एकदा उचल घेतली की मोठे मासे त्यालाच आणि त्याच्याच भावानं द्यायचे. मावशींच्या पाटीत उरतात चिलापी आणि किरकोळ माल. आपण भाजीसारखी त्यावरही घासाघीस करतो.

या चिलापीची एक गंमत सांगते. ही मूळची आपली नव्हे, आफ्रिकेतली. १९५२ मध्ये भारतात आणली. हिची मादी अंडी तोंडात धरून ठेवते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की परत तोंडात घेते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. वर्षातून अनेकदा वीण. त्यामुळे जिथं जाते तिथं हिचंच राज्य आणि आपल्या जुन्या माशांची जागा कमी. मावशींना तिचा राग येतो आणि कौतुकही वाटतं. थंडीत घर चालतं ते तिच्यावरच.

याउलट रोहू, कटला, मृगळ यांचं. यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून देशभर मत्स्यबीज तयार होऊ लागलं. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. आता मच्छीमारांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेतात, पावसाळ्यात बीज विकत आणून सोडतात. बोटाएवढ्या पिल्लांना 'बोटुकली' म्हणतात, किती गोड नाव! ही बोटुकली किलोभराची व्हायला वर्ष तरी जातं. म्हणजे या थंडीत आपण जो रोहू खातो तो मागच्या पावसाळ्यात कुणीतरी पैसे घालून सोडलेला असतो. शेतात पेरावं तसंच.

आणि पेरलेलं बुडावं तसं हेही बुडतं. मावशींची धाकटी बहीण मांजराकाठी दिली आहे. २०१६ मध्ये धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. लातूरच्या आम्हा माहेरवाशिणींच्या जिवाला तेव्हा घोर लागलेला, कारण १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुठे गावाला धीर आला. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पाणी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. धरणातल्या माशांचं काय झालं ते मात्र कुणी विचारलं नाही. पाणी आटत आलं तसा आधी मासाच मासा, डबक्यात हात घातला तरी सापडावा. मावशींची बहीण मातीमोल भावानं मासे विकत होती. मग तेही संपलं. जाळं आढ्याला बांधून नवरा-बायको लेकरांना घेऊन पुण्याकडे बांधकामावर गेली. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता धरण भरलं, बातम्या आल्या, पूजा झाल्या. पण पाणी आलं म्हणून मासा लगेच येत नाही ना! नवं बीज, नवा खर्च, आणि पुन्हा वर्षभर वाट. ती परत आली ती त्याच्या पुढच्या थंडीत.

नांदेडला पाणी असतं तर वेगळंच दुखणं. शहराचं सांडपाणी नदीत जातं. नदीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून आपण वाचतोच. अशी बातमी आली की आठ-पंधरा दिवस मावशींच्या पाटीकडे कुणी फिरकत नाही, मासा कुठल्याही तलावातला असो.

आता जरा घरातलं. थंडीत मासे घेताना काय बघाल? कल्ले उचलून बघा, लालभडक हवेत. डोळे वर आलेले, चकचकीत. बोटानं दाबलं तर खड्डा राहू नये. या दिवसांत एक गोष्ट मुद्दाम बघायची, ती म्हणजे अंगावरच्या लाल जखमा. गार पाण्यात माशांना बुरशीचा एक रोग होतो. १९८८ मध्ये तो भारतात आला. मरळीला तो फार लवकर धरतो. असा मासा घेऊच नका.

निरोगी मरळ मिळाली तर मात्र सोडू नका. शेजारच्या तेलंगणचा तर हा राज्यमासाच, त्यामुळे हैदराबादकडे हिला भारी मागणी. ही हवेतूनही श्वास घेते, म्हणून ओल्या घमेल्यात कितीतरी वेळ जिवंत राहते. हिला रोहूसारखे बारीक दुहेरी काटे नसतात, लेकरांना बिनधास्त द्यावी. अंग फार बुळबुळीत असतं, ते चुलीच्या राखेनं चोळून काढायचं. राख नसली तर ज्वारीचं पीठ आणि मीठ चालतं. कालवणाला आपलंच वाटण करा. सुकं खोबरं आणि कांदा भाजून, लसूण, कोथिंबीर आणि काळा मसाला. चिंचेचा कोळ थोडा सढळ हातानं. रस्सा उकळला की तुकडे सोडायचे आणि मग पळी घालून ढवळायचं नाही, पातेलंच हलवायचं. गरम ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. बाहेर गारठा असावा...

तर मावशींबद्दल सांगत होते. मासा पाण्यातून काढण्याचं काम पुरुषाचं, पण तो साफ करायचा, निवडायचा, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, उधारी लक्षात ठेवायची आणि उरलेला मासा खारवून वाळवायचा हे सगळं बाईचं. तरी संस्थेच्या यादीत सभासद म्हणून नाव मालकांचंच. "धंदा कोण करतंय?" असं बँकेत विचारलं तर कागदावर मावशी कुठेच नाहीत.

वास्तविक २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही लागू झाली आणि त्यात महिलांचे गट, बचत गटही बसतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा द्यायचं ठरवलं. आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं मुलीही शिकतात. व्यापाऱ्याच्या उचलीऐवजी कार्डावर पैसा मिळाला तर थंडीतला मोठा मासा मावशींच्या स्वतःच्या पाटीत राहील, एवढा साधा हिशेब आहे.

मावशींनी मासे विकणाऱ्या सात जणींचा गट केलाय. अर्ज घेऊन गेल्या तर संस्थेचा दाखला आणा म्हणून सांगितलं. संस्थेत गेल्या तर सचिव म्हणाले, बायकांची नावं घालायची तर सभेत विषय आला पाहिजे. सभा जानेवारीत आहे. सातही जणी जाणार आहेत. मावशींनी मला तारीख सांगितली आणि त्या दिवशी बाजारात मासे मिळणार नाहीत, हेही आत्ताच बजावून ठेवलंय.